पेठेत पायी चालण्याचा पोटनियम

पेठेत माणसं का चालत नाहीत, हा प्रश्न मला पडायला नको होता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. नागपूरहून पदवी घेऊन आलो, नोकरीसाठी चार ठिकाणी अर्ज धाडले आणि उत्तरांची वाट पाहत घरच्या खिडकीत बसलो. आमची खिडकी पेठेवर उघडते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला रिकामपणी खिडकीत बसू देऊ नये, असं माझं आता मत झालं आहे. तो निरीक्षण करायला लागतो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचं आहे. वाशीम तालुक्यात, रिसोडच्या अलीकडे, एवढं पुरे. गावाला एकच पेठ. वेशीपासून निघते आणि म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीपाशी, पुढे काय करावं हे न सुचल्यासारखी संपते. दोन्ही बाजूंना थोडी दुकानं, थोडी राहती घरं, आणि प्रत्येक घरापुढे एक ओटा. मधून दिवसभर बैलगाड्या. लोक येत, मीठमिरची घेत आणि चाकाखाली पाय सापडायच्या आत निघून जात. रमतगमत चालणारा, हे दुकान बघ, ते दुकान बघ, असा एकही प्राणी दिसत नसे. पेठेच्या मागून एक अरुंद बोळ जाते. तिकडे घरांची मागची दारं, विहीर आणि वाळत घातलेले पापड.

मी विचार केला. बंद भांड्यात वायूचे कण इकडेतिकडे फिरतात, एकमेकांवर आणि भांड्यावर आदळतात. जितक्या टकरा जास्त, तितका दाब जास्त. पेठ हे भांडं, माणसं हे कण. माणसं जितकी फिरतील तितकी दुकानांवर आदळतील, आणि जितकी आदळतील तितकी विक्री. हा सिद्धांत मी कापडाच्या दुकानात रंगरावांना ऐकवला. रंगराव कमिटीचे अध्यक्ष, आणि त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या दुकानावर माशीखेरीज काही आदळलं नव्हतं.

"म्हंजे गिऱ्हाईक येईन?" त्यांनी विचारलं.

"आपोआप."

"मंग कायले बसून राह्यला? करा न!"

अशा रीतीने पेठ सुधार उपसमिती स्थापन झाली. समितीत मी एकटाच होतो, म्हणून ठराव एकमताने झाले.

मी गावाचा नकाशा काढला. पेठ तांबड्या रंगाने रंगवली: इथे रस्त्यालगत दुकानंच असावीत. मागची बोळ हिरवी: इथे फक्त राहावं, विक्री करू नये, शांतता असावी. पेठेत दिवसा गाडी येऊ नये. पेठ पायी चालणाऱ्यांसाठी राखीव. आणि ज्याच्या घराच्या दर्शनी भागात अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, दुकान निघणार नाही, त्याचा ओटा कमिटीच्या जागेवरचं अतिक्रमण समजून तोडण्यात येईल. हे शेवटचं कलम मला विशेष आवडलं होतं. नियमाला दात पाहिजेत, असं कॉलेजात एका प्राध्यापकांकडून ऐकलं होतं.

आपलं घरही पेठेतच आहे, ही गोष्ट तांबडा रंग भरताना हाताला कळते. डोक्यापर्यंत जायला तिला वेळ लागतो.

माझे वडील भगवंतराव सकाळी मळ्यावर जात आणि सांजेला ओट्यावर बसत. तो ओटा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. वर गुळगुळीत फरशी, पाठीला भिंत. शेजारचे शालिग्रामजी येत, आणखी दोघे-तिघे येत, पानाचा डबा फिरे आणि गावातल्या सगळ्या भांडणांचा निकाल लागे. वडिलांना कोणी कुठलीही पदवी दिली नव्हती, पण त्या ओट्यावर बसले की ते न्यायाधीशासारखे दिसत. खाली उतरले की कपाशीच्या भावाची काळजी करणारे साधे गृहस्थ.

पोटनियमाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"माहा ओटा तोडतं तू?"

"तोडायचा नाही, बाबा. दुकान काढलं की राहील."

"आपल्या घरात कोनी तराजू धरला हाय का आजलोक?"

"सार्वजनिक हितासाठी..."

"सार्वजनिक हित मले नोको सांगू. ते रोज सांजेला माह्याच ओट्यावर येऊन बसते." एवढं बोलून ते उठले, आणि नंतर बरेच दिवस माझ्याशी आईमार्फत बोलत राहिले.

नियम मंजुरीसाठी वर गेला. वरची कचेरी म्हणजे कुठली ते सांगत नाही. वरच्या कचेऱ्या सगळीकडे सारख्याच असतात. तिकडून महिन्याभराने एक ओळ आली: 'दुकान' म्हणजे काय, याचा खुलासा करावा. मला आनंद झाला. व्याख्या करणं हे तर आमचंच काम! मी रात्री जागून लिहिलं: ज्या जागी विक्रीचा माल मांडलेला असेल, आणि तो विकण्यास एक इसम दिवसभर हजर असेल, ती जागा दुकान होय. एकही शब्द कमी नाही, एकही जास्त नाही. कचेरीनेही तो खुलासा जसाच्या तसा मंजूर केला. मी ती व्याख्या जिजाला, म्हणजे माझ्या पत्नीला, वाचून दाखवली. तिचं माहेर अमरावतीचं, मराठी चौथी झालेली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण त्या इसमाला जेवायला कधी जायचं?"

मी तिला समजावलं की कायदा इतक्या बारीक गोष्टींत शिरत नाही.

गुढीपाडव्याला नियम लागू झाला. वेशीत आडवा बांबू टाकला. पेठेत नवा मुरूम पसरला. मी धुतलेला कोट घालून बांबूपाशी उभा राहिलो. पहिली गाडी लालसिंगची आली. हा पोहरादेवीकडच्या तांड्यातला, दर आठवड्याला ज्वारी घेऊन येणारा, मिशा तेल लावून वळवलेला.

"गाडी बंद," मी म्हणालो. "फक्त पायी."

"अच्छा," लालसिंग म्हणाला. खाली उतरला, बैल सोडले, कासरा हातात घेतला आणि बांबूखालून वाकून निघाला. बैल त्याच्यामागे.

"अरे, बैल कुठं?"

"साहेब, बैल पायीच चालून राह्यले न? चाकं ठेवली ना बाहेर." आणि बैलांकडे वळून म्हणाला, "चला रे, तुमच्यासाठी सरकारनं सडक केली."

मी कलम पुन्हा वाचलं. 'पायी चालणारे' असंच लिहिलं होतं. किती पाय, ते लिहिलं नव्हतं. लालसिंगचं पाहून मागच्या सगळ्या गाडीवानांनी बैल सोडले. त्या दिवशी पेठेत पायी चालणाऱ्यांची गर्दी मी कल्पना केली होती त्याहून कितीतरी जास्त झाली, फक्त ती शिंगांची होती. जुवाखाली असताना हे बैल मुकाट्याने सरळ जात. मोकळे झाल्यावर त्यांनीही माझ्या सिद्धांताप्रमाणे इकडेतिकडे फिरायला आणि दुकानांवर आदळायला सुरुवात केली. कोपऱ्यावर गोजराबाई माळीण भाजी घेऊन बसायची. एका बैलाने तिची मेथीची पाटी शांतपणे, देठासकट संपवली.

"आता हे कोनाच्या नावावर लिहू वो?" तिने मला विचारलं. "बैलाच्या का तुमच्या?"

"गोजराबाई, सुरुवातीला थोडी अडचण होते."

"मले होते न अडचण. बैलाले कुठी झाली?" तिने पाटी डोक्यावर घेतली आणि मागच्या बोळीत जाऊन बसली. मी तिच्यामागे जाऊन सांगितलं की ही हिरवी जागा आहे. ती म्हणाली, भाजीबी हिरवीच हाय.

बैलांना बंदी घालणारं उपकलम मी त्याच रात्री लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून बैल गेले. पेठ मोकळी, स्वच्छ, मुरमाची लालसर पट्टी वेशीपासून कचेरीपर्यंत. आता माणसं येतील म्हणून मी खिडकीत बसलो.

तेव्हा शालिग्रामजींनी दुकान काढलं. त्यांनी आपल्या ओट्यावर एक भोपळा आणून ठेवला आणि शेजारी स्वतः बसले.

"हे काय, शालिग्रामजी?"

"दुकान. माल मांडेल हाय. विकाले इसम हजर हाय. वाच तुही व्याख्या."

"केवढ्याला भोपळा?"

त्यांनी एवढी किंमत सांगितली की तेवढ्यात भोपळ्याचं शेत आलं असतं. "एकच भाव हाय," ते म्हणाले. "कमी नाही होनार. इकला तं ओटा जाईन न माहा."

दोन दिवसांत पेठेतल्या प्रत्येक ओट्यावर दुकान झालं. कोणी कंदिलाची फुटकी चिमणी मांडली, कोणी एक नारळ, कोणी आजोबांची काठी. त्या आजोबांना ती लागेल तेव्हा दुकान बंद. आणि प्रत्येक मालाशेजारी, नियमाप्रमाणे, एक इसम दिवसभर हजर. आधी गावातली वडीलधारी मंडळी सांजेपुरती ओट्यावर येत. आता माझ्या कायद्याने त्यांना सकाळपासून तिथे बसवलं. जेवणाची ताटंही ओट्यावर येऊ लागली. जिजाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एकटे माझे वडील काही मांडत नव्हते. ते रिकाम्या ओट्यावर, ताठ, हात मांडीवर ठेवून बसत. खोटं दुकान त्यांना मंजूर नव्हतं आणि खरं त्यांना करायचं नव्हतं. अखजी जवळ येत होती.

आणि पेठेत कोणी चालत नव्हतं! आधी गाड्यांतून वाट काढत चार माणसं तरी येत. आता तीही नाहीशी. रिकाम्या मुरमाच्या दोन्ही बाजूंना म्हातारे आणि मध्ये शांतता. ती हिरवी जागा मी शांततेसाठी राखली होती, पण शांतता चुकून इकडे आली होती.

एके दिवशी मागच्या दारी कसला गलका म्हणून गेलो, तर बोळीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोजराबाईच्या दोन्ही बाजूंना आणखी माळणी. बांगडीवाला बसलेला. वाण्याने मागचं दार उघडून तराजू बाहेर टांगलेला. बायका, मुली, कडेवर पोरं; हसणं, घासाघीस, पापडांवरून उड्या. रंगरावांच्या दुकानाचंही मागचं दार उघडं होतं आणि आतून खण बाहेर येत होते. माझा सिद्धांत तंतोतंत खरा ठरला होता. फक्त भांडं चुकलं होतं.

मी रंगरावांना गाठलं. ते चिडलेलेच होते. "मागून अर्धाच माल दिसते, बाप्पा! लुगडे दाखवाले उजेड नाही तिथं. समोरचं दुकान कायले बांधलं मंग मी?" कमिटीची बैठक बसली. ठरलं असं की ही भोपळ्याचिमण्यांची दुकानं खोटी आहेत. अखजीच्या दुसऱ्या दिवशी गवंडी येईल आणि ओटे तोडेल, आणि कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून सुरुवात उपसमितीच्या घरापासून, म्हणजे आमच्यापासून होईल. ठरावावर सही मीच केली.

घरी येऊन मी जिजाला विचारलं, "तुम्ही बायका पेठेतून का जात नाही? गाड्या नाहीत, बैल नाहीत, रस्ता नवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच ठाऊक नाही तुम्हाला?"

"प्रयोग करून बघू," मी म्हणालो. "आज तू माझ्याबरोबर वेशीपासून कचेरीपर्यंत चाल. लोकांना उदाहरण पाहिजे."

नवराबायकोने बरोबर पेठेतून चालणं हे तोवर गावात घडलेलं नव्हतं. पण जिजाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "चला," ती म्हणाली. "पण मधून परत फिरायचं नाही."

ऊन कललं होतं, तरी मुरूम तव्यासारखा. वेशीत शिरताच पहिला ओटा आला. जिजाने पदर पुढे ओढला, वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मान खाली घालून पुढे झाली. वडीलधाऱ्यांसमोरून सुनेने पायात घालून जायचं नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टींचं कोणी निरीक्षण करत नाही. ओटा संपला. तिने चपला घालण्यासाठी पाय उचलला, तर दुसरा ओटा. मग तिसरा. पेठेत ओट्यांची ओळ अखंड होती आणि माझ्या व्याख्येमुळे प्रत्येकावर इसम हजर होता. नारळ विकत घ्यायचा तरी कसा? भाव विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर ते उघडायचं नसतं.

ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारल्यासारखी चालली होती. अर्ध्या वाटेवर तिला पदर, चपला आणि तोल तिन्ही सांभाळेनात. म्हणून मी चपला घेतल्या. दुसरं काय करणार? बायकोच्या चपला हातात घेऊन, धुतलेला कोट घातलेला एक बी.एस्सी. पेठेच्या मधोमध चालला. दोन्ही बाजूंची दुकानं उठून उभी राहिली.

"आता या चपला कोन्या ओट्यावर मांडतं, सायेब?" शालिग्रामजींनी विचारलं.

कचेरीलगतच्या आमच्या ओट्यापाशी पोचलो, तेव्हा वडील एकटे बसले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग जिजाच्या पायांकडे पाहिलं; ती तळवे उंबऱ्याच्या गार दगडावर टेकून डोळे मिटून उभी होती. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. आईला हाक मारून म्हणाले, "सूनबाईच्या पायाले लोनी लाव." आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोजराबाईला बोलावलं. "उद्यापासून आमच्या ओट्यावर बसजो. सावली हाय, बैल येत नाही. दुकान खरं होते."

"तुमी कुठी बसान मंग?"

"मी कायले उठू? माहा ओटा हाय."

गोजराबाई हसली. "भगवंतराव, तुमी इथं असं समोर तोंड करून बसान तं माह्याजवळ कोन बाई येईन वो? वांगे काय तुमाले इकू?"

उठून जाणं वडिलांच्या स्वभावात नव्हतं. गोजराबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. मी खिडकीतून बघत होतो. इतका कठीण निकाल त्या ओट्यावर आजवर लागला नसेल. शेवटी त्यांनी आपली गादी उचलली, झटकली, उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. रस्त्याकडे पाठ.

"झालं?" ते भिंतीला म्हणाले. "पाठीले कोनी पदर घेत नाही."

शालिग्रामजी धावत आले. "भगवंतराव, हे काय करून राह्यले? भिंतीत काय दिसते?"

"तुही कटकट तं नाही दिसत. बस इथं."

शालिग्रामजींनी थोडा वेळ विचार केला आणि तेही भिंतीकडे तोंड करून बसले. पत्ते निघाले. चौघांना भिंतीकडे तोंड करून पत्ते खेळायला अडचण होते, पण ती त्यांनी गावाच्या हितासाठी सोसली. गोजराबाईपाशी बायका येतात आणि ओटाही वाचतो, हे दिसलं तेव्हा समोरच्या ओट्यांवरचीही तोंडं फिरली. अखजीच्या आधी पेठेत शिरलं की दोन्ही बाजूंना पाठीच पाठी दिसू लागल्या, कोणी धोतर-बंडीतल्या, कोणी उघड्या, आणि मधून बायका चपला घालून चालू लागल्या. बोळीतल्या माळणी, बांगडीवाला, सगळे ओट्यांच्या कडेला येऊन बसले. गवंडी आला तेव्हा त्याला तोडायला खोटं दुकान सापडेना. तो आमच्या ओट्यावरून वांगी विकत घेऊन गेला. रंगरावांनी मागचं दार लावून घेतलं. वरच्या कचेरीला मी सुधारणा लिहून पाठवली, की विक्रीस हजर इसमांपैकी जे वडीलधारे असतील त्यांनी रस्त्याकडे पाठ करावी. तिथून कारण विचारणारं पत्र आलं आहे. उत्तर कसं लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

परवा दुपारी गोजराबाई पाणी आणायला विहिरीवर गेली होती. ओट्यावर वडील एकटेच, भिंतीकडे तोंड करून. मी आतून बघत होतो. एक बाई येऊन थांबली.

"भेंडी कशी दिली?"

वडील दचकले. आजूबाजूला गोजराबाईचा आवाज नाही. घसा साफ करून त्यांनी भिंतीला एक भाव सांगितला.

"एवढी? बोटाएवढी जाड आहे! निबर असणार."

"निबर?" वडिलांची पाठ ताठ झाली. "सकाळी तोडेल हाय. मोडून पाहा न!"

मोडल्याचा आवाज आला. "बरी आहे. पण भाव जास्त आहे."

"कवळी म्हनून जास्त."

"मग मी पुढे जाते, तिकडे स्वस्त आहे."

"थांबा न बाई, रागावता काहून? घ्या, अर्धा पैसा कमी." आमच्या घराण्यात कोणी न धरलेला तराजू त्यांनी मागे हात घालून चाचपडत उचलला आणि तो खांद्यावरून तिच्याकडे धरला. तिनेच भेंडी तोलली. आवाज मला कधीच ओळखू आला होता. जिजा लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. आणि आता पाटीवर वाकून, ओठ दाबून हसत, अर्ध्या पैशासाठी भांडत होती.

पैसे फरशीवर वाजले. ती निघाली.

"थांबा," वडील भिंतीला म्हणाले. "वरून कोथिंबीर घ्या थोडी." हात मागे आला, जुडी पुढे झाली. "अन् आज भाजीत तिखट जरा कमी टाकजो, सूनबाई."